जुन्या संगणकांतील नवी डिस्क

आपल्या घरांतून जुनी वस्तु सहसा बाहेर जात नाहीं. तांब्याचा बंब, पितळी अडकित्ता, आजोबांची लिहिण्याची मेज हीं जशीं पिढ्यान्‌पिढ्या घरांत राहतात, तसाच एक नवा रहिवासी अलीकडे माजघराच्या कोपऱ्यांत येऊन बसला आहे. तो म्हणजे जुना संगणक. एम्.एस्.-सी.आय्.टी.च्या वर्गांच्या दिवसांत मुलांसाठीं म्हणून तो घेतला गेला. मुलें शिकून पुण्या-मुंबईस गेलीं आणि यंत्र घरींच राहिलें. तें सुरू व्हावयास आतां सात-आठ मिनिटें लागतात. बटण दाबून मंडळी चहा टाकावयास जातात. नवा घ्यावा तर खर्च मोठा, आणि जुन्यांत जें आहे तें सर्व नव्यांत येईलच अशी हमी कोणी देत नाहीं. मग घरांतील एखादा तरुण सुचवितो कीं, ह्यांतली हार्ड डिस्क काढून एस्.एस्.डी. घालावी, थोडक्या पैशांत यंत्र पुन्हां पळूं लागेल.

सूचना रास्त असते. परंतु दोन तासांचें म्हणून घेतलेलें हें काम पुष्कळ घरीं दोन-दोन आठवडे रेंगाळतें, आणि शेवटीं 'डिस्कच खराब निघाली' असा शेरा मारून सर्व खटाटोप सोडून दिला जातो. वास्तविक नवी डिस्क फार क्वचित् खराब असते. दोष बहुधा जुन्या यंत्राच्या नव्या पाहुण्याशीं न जुळण्यांत असतो, आणि तो शांतपणें शोधल्यास सांपडतोही. नृसिंहवाडीच्या एका घरीं हा सर्व प्रकार प्रस्तुत लेखकास जवळून पाहावयास मिळाला. त्या घरावरून इतरांसही मार्ग दिसेल, म्हणून तो येथें थोडा विस्तारानें सांगत आहें.

वाडी म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम. श्रीनृसिंहसरस्वतींच्या बारा वर्षांच्या वास्तव्यानें पावन झालेलें हें शिरोळ तालुक्यांतील क्षेत्र वाचकांच्या परिचयाचें आहेच. पावसाळ्यांत पाणी चढून मंदिराच्या उत्तरेकडून शिरलें व पादुकांवरून दक्षिणेच्या दारानें बाहेर पडलें कीं दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि स्नानास लोकांची रीघ लागते. तेंच पाणी आणखी चढलें म्हणजे सोहळ्याचा महापूर होतो. २००५, २०१९ आणि २०२१ सालीं तो झाला. ज्या घरीं यात्रेकरू उतरतात, ज्यांच्याकडून दूरदूरचे लोक अभिषेक करवून घेतात, अशा घरांत यजमानांची वही असते. नांव, गोत्र, गांव, कोणत्या तिथीस कोणाच्या नांवें काय करावयाचें, प्रसाद कोणत्या पत्त्यावर पाठवावयाचा, हें सारें तींत असतें. ह्या घरच्या जुन्या वह्या २०१९ च्या पुरांत भिजल्या. शाई पसरली, पानें एकमेकांस चिकटलीं. सुदैव इतकेंच कीं, घरच्या थोरल्या काकांनीं त्यापूर्वींच कित्येक वर्षें दुपारच्या फुरसतींत त्या सर्व वह्या संगणकावर उतरवून काढल्या होत्या, आणि तो संगणक माडीवर होता. काका आतां नाहींत. वहीची पूर्ण प्रत जगांत एकाच ठिकाणीं उरली, ती म्हणजे २०१० सालच्या त्या यंत्राच्या पोटांत.

"मग एवढी वही तेवढी नव्या संगणकांत घ्यावी, झालें!" असें कोणी म्हणेल. अडचण अशी कीं, काकांचें टंकलेखन श्रीलिपींतलें. हल्लीं सर्वत्र चालणारी युनिकोड पद्धत तेव्हां घरोघर रुळली नव्हती. श्रीलिपी, आकृती अशा व्यवस्थांतून लिहिलेला मजकूर त्यांचे टंक नसलेल्या यंत्रांत उघडला तर मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. शिवाय त्या काळच्या कित्येक प्रतींबरोबर हार्डवेअर लॉक नांवाची एक लहानशी खुंटी येई; ती लावल्यावांचून लिपि चालत नसे. ती खुंटी, तो छपाईचा यंत्र आणि ती विंडोज सात ही प्रणाली यांचा संसार एकत्र बसलेला होता. तो मोडून दुसरीकडे मांडण्यापेक्षां आहे तसाच उचलून नव्या डिस्कवर ठेवणें, म्हणजे ज्यास 'क्लोन' करणें म्हणतात तें, अधिक शहाणपणाचें होतें. घरांतील पुतण्या इचलकरंजीस शिकतो. त्यानें जयसिंगपुराहून एस्.एस्.डी. आणली.

ही डिस्क घातल्यानें यंत्र पळूं कां लागतें, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. हार्ड डिस्क ही फिरती तबकडी आहे. १९५६ सालीं आय्.बी.एम्. कंपनीनें पहिली डिस्क-व्यवस्था विकावयास काढली, तेव्हां तींत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर पन्नास लक्ष अक्षरें मावत. आज तबकडी तळहाताएवढी झाली, पण फिरणें सुटलें नाहीं. मिनिटास ७२०० फेरे म्हणजे सेकंदास १२०. हवें तें अक्षर टोंचणीखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारें चार सहस्रांश सेकंद, आणि टोंचणीचा हात योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी आठ-नऊ. दर शोधास बारा-तेरा सहस्रांश धरले तर सेकंदास पाऊणशें-ऐंशीच शोध होतात. आणि विंडोज सुरू होतांना असे लहान लहान शोध हजारोंनीं करावे लागतात. एस्.एस्.डी.त फिरणारें कांहींच नाहीं. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत जी फ्लॅश स्मृति शोधून काढली, तिच्या सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो, आणि हवा तो कप्पा एक दशसहस्रांश सेकंदाच्या सुमारास हातीं येतो. म्हणून जुन्या यंत्रास सर्वांत मोठा गुण येतो तो ह्याच बदलानें. मात्र यंत्रांत रॅमच एक-दोन जी.बी. असेल, तर आधीं ती वाढवावी.

आतां वाडीच्या घराकडे वळूं.

पहिल्या दिवशीं नवी डिस्क यंत्रास दिसेचना. ज्या पत्र्याच्या डब्यास घरोघर 'सी.पी.यू.' म्हणतात (तें नांव चुकीचें आहे, पण आतां तें बदलणार नाहीं) तो उघडून पाहिला. डिस्कला दोन जोडण्या लागतात, एक विजेची व एक माहितीची. माहितीची साटा केबल जुनी झाली कीं तिच्या टोंकाची पकड सैल होते. अशा वेळीं एका खेपेस एकच गोष्ट बदलावी. आधीं केबल, मग ज्या खांचेंत ती बसते ती खांच, मग विजेची जोडणी. तिन्ही एकदम बदलून यंत्र चाललें तरी दोष कशांत होता तें कळत नाहीं, आणि तो पुन्हां उद्‌भवतो. येथें केबल बदलतांच डिस्क दिसूं लागली. परंतु ती बसविली गेली दुसऱ्या खांचेंत, कारण पहिलींत जुनी डिस्क होती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

दुसऱ्या दिवशीं क्लोन करतांना काम मध्येंच अडकूं लागलें. पडद्यावरचा आंकडा एका जागीं थांबे आणि डब्यांतून 'टक् टक्' असा आवाज येई. हा आवाज ऐकूं आला कीं हात आवरावा. त्याचा अर्थ असा कीं, जुन्या तबकडीवरील कांहीं भाग वाचला जात नाहीं आणि टोंचणी पुन्हां पुन्हां तेथेंच धडपडत आहे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात, व ती दाखविणारीं साधनें फुकट मिळतात. तींत 'पेंडिंग सेक्टर'चा आंकडा शून्याहून अधिक असेल तर तबकडी थकली, 'सी.आर.सी. एरर'चा आंकडा वाढत असेल तर तबकडीस बोल न लावतां केबलीस लावावा. हे दोन आंकडे वाचतां आले तरी अर्धी वैद्यकी आली म्हणावयास हरकत नाहीं.

तबकडी थकलेली आढळल्यास पुष्कळजण विंडोजमधील दुरुस्तीची आज्ञा, चेक-डिस्क, लागलीच चालवितात. हें करूं नये. मरणासन्न माणसाकडून घर झाडून घेण्यासारखेंच तें आहे. आधीं जें अमोल असेल तें हलवावें. वाडींत पाणी चढूं लागलें कीं उत्सवमूर्ति वरच्या बाजूस श्रीनारायणस्वामींच्या मंदिरांत नेतात. पाणी किती चढेल ह्याचा वाद घालीत कोणी थांबत नाहीं. त्या घरच्या मंडळींस हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागला नाहीं. यजमानांची वही, तिचे टंक आणि लग्नामुंजींचीं छायाचित्रें प्रथम पेन ड्राइव्हवर उतरून घेतलीं. मग पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स प्रणाली सुरू करून डीडीरेस्क्यू ह्या फुकट मिळणाऱ्या साधनानें संपूर्ण डिस्क नवीवर उतरविली. हें साधन दुखरा भाग सोडून आधीं धडधाकट भाग नकलून घेतें, आणि शेवटीं दुखऱ्या भागाकडे परततें. रात्रभर काम चाललें. सकाळीं पाहतां, गेलेला भाग अगदीं थोडा आणि तोही बिनमहत्त्वाचा निघाला.

डिस्क विकणाऱ्यानें सल्ला दिला होता कीं, जुनी डिस्क आंतच राहूं द्यावी, जास्तीची जागा कामास येईल. सल्ला ऐकून बरा वाटतो. आणि खरी कथा येथूनच सुरू झाली.

त्या दिवशीं सायंकाळीं यंत्र अर्ध्या मिनिटांत सुरू झालें. घरांत आनंदीआनंद! दुसऱ्या दिवशीं सकाळीं काकूंनीं बटण दाबलें, तों पूर्वीचींच सात मिनिटें. सायंकाळीं पुतण्यानें बायोसमध्यें, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणींत, शिरून नव्या डिस्कला पहिला मान दिला. यंत्र पुन्हां चपळ. सकाळीं पुन्हां मंद. असें नऊ दिवस चाललें. नवी डिस्क रात्रीं स्वतःला विसरते, असें पुतण्याचें मत पडलें. ती परत करावी असा विचार सुरू झाला. घरांतील एका वृद्धेनें यंत्रास अंगारा लावण्याचें सुचविलें. त्यानें अपाय कांहींच झाला नसता, पण मंदपणापेक्षां मोठें विघ्न तोंवर दारांत येऊन ठेपलें होतें. काकूंनीं सकाळीं वहींत केलेल्या नोंदी सायंकाळीं दिसत नव्हत्या, आणि सायंकाळच्या नोंदी सकाळीं नाहींशा होत होत्या.

उलगडा काकूंच्याच एका वाक्यानें झाला. त्या सहज म्हणाल्या, "अरे, मंद असतो तें असूं दे, पण ह्याची तारीखही सकाळीं चुकलेली असते. रोज आपला जानेवारीच. मी पंचांग पाहूनच तिथि घालतें."

"ती मी रोज संध्याकाळीं दुरुस्त करतों, काकू," पुतण्या म्हणाला. आणि बोलतां बोलतांच थांबला.

यंत्राच्या मुख्य फळीवर नाण्याएवढा एक सेल असतो, सी.आर. २०३२ हें त्याचें नांव. यंत्र भिंतीच्या विजेपासून तुटलेलें असतांना घड्याळ चालू ठेवणें आणि बायोसमधील निवडी ध्यानांत ठेवणें हें त्याचें काम. तो पांच-सात वर्षांत थकतो. आपल्या घरांत विजेचा व गडगडाटाचा भरवसा नसल्यामुळें रात्रीं भिंतीवरचें बटण बंद करण्याची चाल आहे, आणि ती चांगलीच आहे. पण सेल मेलेला असला म्हणजे बटण बंद होतांच यंत्र सर्व विसरतें. सकाळीं तें आपल्या मूळ समजुतीवर येई: तारीख जन्मकाळची, आणि सुरुवात पहिल्या खांचेंतील डिस्कवरून. पहिल्या खांचेंत जुनी डिस्क, तीही पूर्ण विंडोजसह! म्हणजे सकाळचें घर वेगळें, सायंकाळचें वेगळें.

मग एका डिस्कवरून सुरू झाल्यावर दुसरीवरची वही दिसत कां नव्हती? क्लोन केल्यामुळें दोघींची ओळख-संख्या एकच. दोन जुळे एकाच नांवास 'हजर' म्हणूं लागले तर मास्तर एकास वर्गाबाहेर उभें करील. विंडोजही तेंच करते, आणि दुसऱ्या डिस्कला 'ऑफलाइन' म्हणून बाजूस ठेवते. नऊ दिवस एकाच वहीच्या दोन वह्या वाढत होत्या, आणि एकीस दुसरीचा पत्ता नव्हता. म्हणून क्लोन पुरा होतांच यंत्र बंद करून जुनी डिस्क सोडवावी, आणि नवी एकटीच पहिल्या खांचेंत लावून पाहावी. एकटी असतांना ती सुरू झाली नाहीं व पडद्यावर 'बूट एम्.जी.आर. इज मिसिंग' असें उमटलें, तर आरंभाचा लहान विभाग जुन्या डिस्कवरच राहून गेला असें समजावें, आणि विंडोजच्या मूळ तबकडीवरून 'स्टार्टअप रिपेअर' चालवावें. तें कधीं कधीं लागोपाठ दोन-तीनदां चालवावें लागतें.

नवा सेल आला. पेढ्यांच्या पुड्याहूनही तो स्वस्त पडला. डिस्क परत करण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं. परंतु दोन वह्या एक करण्याचें काम शिल्लक होतें, व तें सोपें नव्हतें. जुनी डिस्क बाहेरच्या डब्यांत घालून पुतण्याच्या लॅपटॉपवर उघडली. नकल करतांना यंत्र विचारतें, 'जुन्याच्या जागीं नवी ठेवूं काय?' येथें 'होय' म्हणणें घातक ठरलें असतें. सकाळच्या फायलींवर जानेवारींतल्या, कित्येक वर्षांपूर्वींच्या तारखा पडलेल्या. यंत्राच्या हिशेबीं त्या सर्व जुन्या, आणि सायंकाळची प्रत तेवढी नवी. काकूंच्या नऊ सकाळीं एका 'होय'सरशीं पुसल्या गेल्या असत्या. तेव्हां दोन्ही प्रती वेगवेगळ्या नांवांनीं ठेवल्या, दोन्ही कागदावर छापल्या, आणि काकू व त्यांची सून पंचांग घेऊन बसल्या. प्रत्येक नोंदीबरोबर तिथि घातलेली असल्यामुळें कोणती नोंद कोठें बसते ह्याबद्दल संशय राहिला नाहीं. यंत्रास जें उमगलें नसतें तें पंचांगानें दाखविलें, हें पाहून घरांतील वृद्ध मंडळींस जरा समाधानही वाटलें असावें.

इतर दोन बाबी थोडक्यांत सांगतों. जाहिरातींत लिहिलेला वेग जुन्या यंत्रांत मिळत नाहीं, म्हणून खंत करूं नये. २००९ पूर्वींच्या घडणीच्या यंत्रांत साटाची दुसरी पिढी असते; तिच्यांतून सेकंदास पावणेतीनशें मेगाबाइटच्या आसपासच माहिती वाहते, तिसऱ्या पिढींतून सुमारें दुप्पट. खरा लाभ वर सांगितलेल्या लहान शोधांत आहे, आणि तो दोन्हींकडे मिळतो. दुसरी बाब अशी कीं, जुन्या यंत्रांत डिस्कची पद्धत 'आय्.डी.ई.' ठेवलेली असते, ती 'ए.एच्.सी.आय्.' केल्यास डिस्क अधिक मोकळी चालते. पण ती बायोसमध्यें एकाएकीं बदलल्यास विंडोज सात निळा पडदा दाखवून थांबते. त्या पडद्यावर शेवटीं '७-बी' हा आंकडा दिसला तर भिऊं नये. पूर्वीची पद्धत परत लावावी, विंडोजच्या नोंदवहींत 'एम्.एस्.ए.एच्.सी.आय्.' ह्या नोंदीखालचा 'स्टार्ट'चा आंकडा शून्य करावा, आणि मग बदल करावा. ज्यास हें करण्याचें धैर्य नसेल त्यानें जुन्याच पद्धतीवर राहावें. वहीस त्यानें कांहीं इजा होत नाहीं.

इंटरनेट मात्र अशा यंत्रास जोडूं नये. विंडोज सातची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीं थांबली आणि विंडोज दहाची १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. विंडोज अकरा इतक्या जुन्या यंत्रांस आपल्या पंगतीस घेत नाहीं. बँकेचे व्यवहार फोनवर करावेत. यंत्रानें वही, छपाई व छायाचित्रें एवढेंच सांभाळावें.

एस्.एस्.डी.चे अवगुणही घरांतील कर्त्या माणसांनीं जाणून घ्यावेत. हार्ड डिस्क मरण्यापूर्वीं पुष्कळदां कण्हते, वाडीच्या घरीं ती 'टक् टक्' करीत होती, एस्.एस्.डी. काल चालत होती आणि आज नाहीं, असें होऊं शकतें. तिच्यावरून पुसलेली फाईल परत मिळविणेंही कठीण, कारण ट्रिम नांवाच्या व्यवस्थेनें रिकामे झालेले कप्पे खरोखरच साफ केले जातात. आणि ती वर्षानुवर्षें कपाटांत नुसती ठेवण्याची वस्तु नव्हे. कप्प्यांतील भार विजेवांचून हळूहळू झिरपतो. घरगुती डिस्कसाठीं जें प्रमाण ठरलेलें आहे, त्यांत आयुष्य वापरून झालेल्या डिस्कनें तीस अंश उष्णतेंत, विजेवांचून, एक वर्ष माहिती टिकवावी एवढीच अपेक्षा आहे. कमी वापरलेली डिस्क पुष्कळ अधिक टिकते, पण कपाटांतल्या प्रतीसाठीं फिरती तबकडीच अद्याप बरी.

वाडीच्या त्या घरीं आतां वहीच्या तीन प्रती असतात. एक यंत्रांत, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, माडीवरील लोखंडी पेटींत, एक पुण्यास लेकीच्या घरीं. श्रीलिपींतील मजकूर युनिकोडमध्यें आणण्याचें काम सुनेनें हातीं घेतलें आहे. रूपांतर करणारीं साधनें आहेत, पण जोडाक्षरांत व रफारांत तीं चुका करतात, म्हणून गोत्रें आणि गांवांचीं नांवें ती एकेक वाचून पाहते. पौर्णिमेस घरांत यात्रेकरूंची गर्दी, म्हणून पेटींतील प्रत ताजी करण्याचें काम वद्य एकादशीस होतें. त्या दिवशीं फराळाचेंच असल्यामुळें स्वयंपाकघर लवकर आवरतें. प्रत झाली कीं डिस्कवर चिकटविलेल्या कागदावर काकू शाईनें तिथि लिहितात.